पहिल्या धारेची सूर्यमाला

त्यांचं आडनाव ढगे नव्हतं. हे मला कळेपर्यंत मी त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून एक अख्खा पावसाळा काढला होता.

बोरी अरबच्या शाळेत मराठी शिकवायला मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हाची गोष्ट. मी उमरखेडची. बसमधून उतरले आणि पानठेल्यावर विचारलं, "शाळेतले एक सर खोली भाड्यानं देतात म्हणे. कुठं राहतात?"

"ढगे सर काय? सरळ जा. भिंतीवर गोवऱ्यायच्या मधात सूर्य काढेल दिसन, तेच घर."

आणि खरंच तसं घर होतं. गेरूनं काढलेला भलामोठा सूर्य, आणि त्याच्या एका बाजूला लहान-मोठ्या गोवऱ्या ओळीनं थापलेल्या. शेवटची गोवरी तर पार शेजाऱ्याच्या भिंतीवर गेलेली. नंतर समजलं की गोवऱ्या सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, थापत आणि कोणती किती मोठी आणि किती अंतरावर, ते सर सांगत. गुरू वाळायला वेळ लागतो अशी काकूंची तक्रार असे.

गावातल्या लग्नपत्रिकासुद्धा त्यांना 'श्री. ढगे सर' या नावानं यायच्या. पोस्टमन त्याच नावावर टपाल आणून द्यायचा. खरं आडनाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही थोडं परकंच वाटायचं. हे नाव पडलं ते त्यांच्या भूगोलाच्या तासामुळे. जूनमध्ये शाळा उघडली की नववीच्या वर्गात जाऊन ते खिडक्या लावायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि सांगायला लागायचे, "सुरुवातीले एक ढग होता. पाण्याचा नाई. धुयीचा अन् हवेचा. त्याच्याएवढं मोठं काहीच नव्हतं, कारण दुसरं काही होतंच नाई." तो ढग गोल फिरायला लागे, आक्रसायला लागे, आणि दिवाळीची सुट्टी लागली तरी थंड व्हायचं नाव घेत नसे. महाराष्ट्रातल्या नद्या परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात उरकल्या जायच्या. "पैनगंगा, वर्धा, गोदावरी. पाणी हाय, वाहते, पुढं चला."

हे सगळं त्यांनी एका इंग्रजी पुस्तकातून घेतलं होतं. ते यवतमाळच्या एका रद्दीवाल्याकडे सापडलेलं, पुठ्ठा गेलेलं. सूर्यमाला कशी तयार झाली याबद्दल जुन्या काळातल्या शास्त्रज्ञांनी काय काय कल्पना लढवल्या, त्यांचा त्यात इतिहास होता. पुस्तकाची एक बाजू वाळवीनं खाल्ली होती आणि वाळवीला नेमकी माणसांची नावंच आवडली होती. त्यामुळे सरांच्या तोंडी फक्त गावं असायची. ढगाची कल्पना पहिल्यांदा मांडणारा तो 'जर्मनीवाला', तिला गणिताची बैठक देणारा 'फ्रान्सवाला', त्याच्याही आधी, सूर्यावर धूमकेतू आदळून त्याचे तुकडे उडाले असं म्हणणारा तो 'बगीचावाला', कारण तो फ्रान्सच्याच राजाचा बगीचा सांभाळायचा. या लोकांबद्दल सर असं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे सगळे दारव्ह्याला राहतात आणि आताच यांच्याकडे चहा पिऊन गेले.

"जर्मनीवाल्यानं आपलं गाव जलमात सोडलं नाई," ते मला एकदा म्हणाले. "घड्याय लावून फिराले जाये अन् परत ये. मी बी बोरी सोडली नाई."

"पण सर, तुम्ही तर यवतमाळला दर महिन्याला जाता."

"पगाराच्या कामाले जातो, मॅडम. ते जाणं नाई."

त्यांचा एक विचित्र स्वभाव असा की यातल्या जिंकलेल्या कल्पनेत त्यांना रस नव्हता. पाठ्यपुस्तकात सूर्यमालेच्या जन्माबद्दल दोन ओळी होत्या, त्या ते फळ्यावर न लिहिताच पुसून टाकल्यासारखा हात करायचे. जी कल्पना पुढे चुकीची ठरली, जिची मोठमोठ्या लोकांनी भर सभेत टर उडवली, तिच्यावर त्यांची माया.

"निवडून आलेल्याले सारेच हार घालतात," ते म्हणायचे. "डिपॉझिट जप्त झालेल्याच्या घरी कोणी तं जा."

त्या काळात आमच्या भागात कापसाचं सगळंच बिनसलं होतं. बोंडअळी, खोटं बियाणं, पडलेला भाव. जिनिंगचा भोंगा वाजेनासा झाला होता. वर्गातली पोरं आई-बापांबरोबर कामाला बाहेर निघून जायची आणि हजेरी घेताना मध्येच शांतता पडायची. गावात पाहुणे मात्र भरपूर. मुंबईचे, दिल्लीचे, कॅमेरेवाले, अहवालवाले. एक गाडी गेली की दुसरी येई, आणि लोकांना तेच तेच विचारी.

असंच एकदा दिल्लीहून एक पथक आलं. शाळेच्या सभागृहात सतरंजी अंथरली होती. पथकाचे प्रमुख सज्जन दिसत होते. त्यांनी हात जोडून विचारलं, "आप लोग बताइए, इस संकट की जड़ कहाँ है?"

 आधीच्या पथकांना सांगून सांगून लोक थकले होते. तेव्हा मागून ढगे सर उठले.

"जडपासून सांगू?"

"जी हाँ, बिलकुल जड़ से."

"तं मंग आरामात बसा," सर म्हणाले, आणि त्यांनी उठून खिडक्या लावल्या.

मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला. खिडक्या लावल्या याचा अर्थ शाळेतल्या प्रत्येकाला माहीत होता. चहा आला तेव्हा पृथ्वी अजून पातळ होती. दुसरा चहा आला तेव्हा तिच्यावर जेमतेम साय धरली होती. भाषांतर करणारा पोरगा घामाघूम झाला. काळी माती कशी झाली, तिला पाणी का धरवतं आणि कापूस तिच्यातच का येतो इथपर्यंत सर पोचणार होते, असं ते नंतर मला शपथेवर सांगत होते. पण पथकाला अंधाराच्या आत यवतमाळ गाठायचं होतं. भाषांतरवाल्यानं शेवटी वैतागून कागदावर लिहिलं, 'ग्रामस्थांच्या मते मूळ कारण: ढग.'

तो कागद कुठून कुठे फिरला देव जाणे. भर मार्च महिन्यात तलाठी आमच्या अंगणात उभा.

"ढगफुटीचा पंचनामा कराचा हाय. वरून आदेश आला. ढग कोण पाह्यला?"

सर बाहेर आले. "कोणीच नाई पाह्यला. तो लई जुना ढग हाय. माणूस व्हायच्या पयलेचा."

तलाठ्यानं पेनाचं टोपण लावलं. "मंग मुदत गेली. अर्ज वेयेत द्या लागते, सर."

सर हे शाळेत सांगताना कधी हसले नाहीत. त्यांना तलाठ्याचं म्हणणं पटलं होतं. गाव मात्र हसलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा पानठेल्यावर लोक पोट धरून हसताना मी पाहिले.

बगीचावाल्याच्या कल्पनेवरही सरांनी एक उन्हाळा घालवला. धूमकेतूच्या टकरीत सूर्याचे लालभडक तुकडे उडाले, तेच थंड होऊन ग्रह झाले, असं त्याचं म्हणणं. मग पृथ्वी थंड व्हायला किती काळ लागला असेल? ते मोजायला त्यानं म्हणे लहान-मोठे लोखंडी गोळे लाल होईपर्यंत तापवले आणि ते हातात धरण्याइतके गार व्हायला किती वेळ लागतो ते पाहिलं. त्यावरून हिशेब लावून पृथ्वीचं वय काढलं. आणि धरायला, अशी एक वदंता पुस्तकात होती, त्यानं मऊ हातांच्या बायका बोलावल्या.

सरांनी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून बेअरिंगचे गोळे मिळवले आणि काकूंच्या चुलीत घातले. मग ते माझ्या खोलीच्या दाराशी आले.

"मॅडम, तुमचे हात नाजूक हायेत."

"सर, मला पेपर तपासायचे आहेत."

"विज्ञानासाठी फक्त दोन बोटं पाह्यजेत."

मी दार लावून घेतलं. तेव्हा ते काकूंकडे गेले. काकू म्हणजे तव्यावरची भाकर हातानं उलटणारी, चुलीतला निखारा चिमटीनं उचलून बाजूला ठेवणारी बाई. त्यांनी पदर खोचला, चिमट्यानं काढलेला गोळा हातात घेतला आणि म्हणाल्या, "थंडाच तं हाय."

"आता काढला व!"

"मंग चूलच इझली असन तुमची."

काकूंच्या हातानं पृथ्वीचं वय इतकं कमी निघालं की आमचे मुख्याध्यापक पृथ्वीपेक्षा वडील ठरले. सरांनी ते उत्तर शिक्षकांच्या खोलीत जाहीरही करून टाकलं. मुख्याध्यापक तीन-चार दिवस बोलले नाहीत.

याहूनही जास्त माझ्या लक्षात आहे ती दारव्हा रस्त्यावरची वरात. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाचं, जवळच्या तांड्यावरचं लग्न. आमची वरात रस्त्यानं नाचत निघालेली, आणि समोरून दुसरी वरात, तिचा बँड जास्त मोठा. दोन्ही एकमेकींना घासून जाऊ लागल्या. आमच्यातले काही उत्साही लोक नाचता नाचता त्या बँडकडे ओढले गेले, रस्त्यावर माणसांची लांबट शेपटी तयार झाली आणि ती तुटून मधल्यामध्ये घोळके करून नाचत राहिली. सर रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडायला लागले, "हेच! हेच ते! शेजारून दुसरा तारा गेला अन् सूर्याच्या पोटातून असंच ओढल्या गेलं! हे घोयके म्हंजे ग्रह!" नवरदेवाच्या मामाला वाटलं यांनी घेतली आहे. त्यानं त्यांना हाताला धरून टेम्पोत बसवलं. सर टेम्पोतूनही बोटं दाखवून ग्रहांची नावं सांगत होते. गुरूच्या जागी आमचे शिपाई नाचत होते.

"यांनी घेतली आहे" हे बोलणं पुढे खरं ठरायला निघालं, त्याची हकिकत सांगते.

काकू गावातल्या बायकांच्या दारूबंदीच्या पुढारी होत्या. त्या वर्षांत दारू फार वाढली होती, नाल्यापलीकडे भट्टी चालायची, आणि बायकांनी ठरवलं होतं की ज्या घरात दारू सापडेल त्या घरच्या पुरुषानं आठवडी बाजार झाडायचा, सगळ्यांच्या देखत. काकूंचा दरारा असा की भट्टीवाला त्यांना पाहिलं की सायकलवरून उतरायचा. या बाईनं घरात मात्र एक गोष्ट कधी मान्य केली नव्हती, ती म्हणजे नवऱ्याचा ढग.

एका संध्याकाळी अंगणात सर मला समजावत होते की फ्रान्सवाल्याचा ढग फिरता फिरता आक्रसला, जोरात फिरायला लागला, तेव्हा त्याच्या कमरेतून एकेक कडं सुटलं आणि प्रत्येक कड्याचा एक ग्रह झाला. काकू तूर पाखडत होत्या.

"इतकी वर्षं आयकून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "कडं सुटलं, कडं सुटलं. तुमी पाह्यलं काय?"

"ते पाहाची गोष्ट नोय."

"मंग मले सांगू नोका. माह्या बापानं मले जमीन दाखवली, बैल दाखवले, तुमाले बी पयले दाखवलं, मंग लगन केलं. जे दिसत नाई त्याच्यावर माहा भरोसा नाई. एकदा दाखवा डोयानं, मंग मानीन."

 जन्मात कोणी सरांना "दाखवा" म्हटलं नव्हतं. लोक एक तर हसत, नाहीतर परीक्षेत येईल का ते विचारत. आता बायको चक्क बघायला तयार होती. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते वाळवीचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आले आणि शेवटच्या पानांपैकी एक दाखवलं. बेल्जियमच्या एका माणसानं तेलाचा थेंब दारू-पाण्याच्या मिश्रणात अधांतरी तरंगवला होता. पाण्यात तेल वर येतं, कडक दारूत तळाला जातं, पण दोन्हींचं प्रमाण नेमकं जमलं तर ते मधोमध गोळा होऊन थांबतं. मग आतून एक चकती फिरवली की तो गोळा चपटा होतो आणि त्याच्यापासून कडं सुटतं.

"तेल घरचंच हाय. सरकीचं. घाण्याचं, लाल, चांगलं दिसन," सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "दारूचं कसं कराचं?"

शाळेच्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा कोरडा होता. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी स्पिरिट द्यायला नकार दिला. उरली ती मोहाची. तीही पातळ चालणार नव्हती, पहिल्या धारेचीच हवी.

सर भर दुपारी सायकलला प्लास्टिकची कॅन अडकवून नाल्यापलीकडे गेले. सोबत दूध संकलन केंद्रातून मागून आणलेलं दुधाची घनता मोजायचं यंत्र. भट्टीवाल्यानं घाबरून पेला पुढे केला. सरांनी त्यात यंत्र सोडलं. ते सरळ तळाला जाऊन बसलं.

"बुडालं!" सर खूश झाले. "पक्की हाय. भर कॅन."

भट्टीवाला धंद्यात मुरलेला होता, पण दारू अशी कोणी मोजून नेली नव्हती. त्यानं ती गोष्ट काकूंना सोडून गावभर केली, आणि मला वाटतं त्यात त्याला आनंदही फार झाला. काकूंच्याच घरात माल गेला होता ना!

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. मी रजेचा अर्ज द्यायला तिथंच उभी होते.

"सर, तुम्ही भट्टीवर दिसले म्हणतात."

"हो. गेलतो."

"कायले?"

"सूर्यमालेसाठी."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "सर, पटसंख्या कमी झाली. एक जण अतिरिक्त ठरणार हाय हे तुमाले माहीत हाय. संस्था कारणच शोधून राह्यली. उद्या वरून विचारलं तं मी 'सूर्यमालेसाठी' असं लिहून पाठवू काय?"

"लिहा. खरंच हाय ते."

"उद्या जर कोणी तक्रार केली तं मी तुमाले वाचवू शकत नाई," मुख्याध्यापक म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांचा आवाज खरोखर खाली गेला होता.

मी घरी येताना सरांना म्हटलं, "राहू द्या ना सर. दारू ओतून टाका. काकूंना पुस्तकातलं चित्र दाखवा."

"चित्र तं कोणीही काढते, मॅडम," ते म्हणाले. "ते डोयानं पाहाले तयार झाली. उद्या मन बदललं तं?"

रविवारी दुपारी काकू बायकांच्या बैठकीला जातील, तेवढ्यात सगळी तयारी करायची, जमलं की काकूंना बोलावून दाखवायचं आणि दारू लगेच नालीत, असा बेत ठरला. यंत्राचं काम सलीमभाईंकडे. ते चौकात मोटारी वाईंडिंग करायचे, सरांचे जुने मित्र. त्यांनी चहावाल्याकडून बिस्किटांची रुंद काचेची बरणी आणली, सायकलच्या तारेला जुनं दहा पैशाचं कातरी नाणं भोक पाडून बसवलं, आणि वर हातानं फिरवायचं ड्रिल. वास लागताच त्यांनी नाकाला रुमाल बांधला.

"सर, मैं सिर्फ हँडल घुमाऊंगा. बरणीले हात लावणार नाई. वालिद हाजी थे मेरे."

"तुमाले कोण पी म्हणून राह्यलं?"

"बू भी तो अंदर जाती है ना, सर."

बरणीत मोहाची ओतली, त्यात पाणी, त्यात तेल. तेल तळाला बसलं. आणखी पाणी. तेल उसळून वर आलं. मग पुन्हा दारू. सर कपाळाचा घाम बाहीनं पुसत होते आणि माझ्या हातात पाण्याचा गडवा होता. सगळं घर लग्नघरामागच्या गल्लीसारखं दरवळत होतं. बऱ्याच खटपटीनंतर तेलाचा लिंबाएवढा गोळा बरणीच्या मधोमध येऊन थांबला. लालसर, गोल, कशालाही न टेकलेला. सलीमभाईंचा रुमाल नाकावरून खाली आला.

"माशाल्ला," ते म्हणाले.

त्याच वेळी, हे मला काकूंनीच मागाहून सांगितलं, बैठकीत बायका एकमेकींकडे पाहत होत्या. शेवटी एक धीर करून म्हणाली, "काकू, आज एका घरावर जा लागते. पण तुमाले सांगाले कसंतरीच वाटते."

"कोणाचं हाय घर?"

"तुमचंच."

 काकू उठल्या, पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या. वाटेत मुख्याध्यापकांच्या घरापाशी थांबून त्यांनाही पंच म्हणून बरोबर घेतलं. गल्लीच्या तोंडापासून आम्हाला घोषणा ऐकू आल्या. सगळ्यात मोठा आवाज काकूंचाच होता. मग दारावर थापा पडल्या.

"दार उघडा!"

"उघडंच हाय व," सर आतून म्हणाले. "ये ना. बरं झालं आली. आता बोलावणारच होतो."

काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मागे चाळीसेक बाया, त्यांच्यामागे मुख्याध्यापक. घरभर मोहाचा वास, मी गडवा घेऊन उभी, सलीमभाई ड्रिल धरून, सर बरणीवर वाकलेले. काकूंचा चेहरा मी आजही विसरले नाही. तो रागाचा नव्हता. आपल्याच घराच्या उंबऱ्यावर त्या परक्यासारख्या उभ्या होत्या.

"माह्याच घरात?" त्या एवढंच म्हणाल्या.

"हाय," सर म्हणाले. "लपवत नाई. शिक्षा काय देयाची ते दे. पण पयले इकडं ये. हात लावू नको, हलन ते. सलीमभाई, हळू."

सलीमभाईंनी तारेचं नाणं अलगद गोळ्याच्या पोटात उतरवलं आणि हँडल फिरवलं. आत नाणं फिरायला लागलं आणि त्याच्या भोवतीचा गोळाही फिरू लागला. आधी संत्र्यासारखा चपटा झाला. बायका दारातून आत सरकल्या. "थोडं जोरानं," सर पुटपुटले. गोळा आणखी पसरला, मधून बारीक झाला, आणि अचानक त्याच्याभोवती तेलाचं एक कडं सुटून वेगळं झालं. बांगडीसारखं, अख्खं, लाल. पाण्यात फिरत राहिलं. मग ते एका जागी तुटलं, आक्रसलं, आणि त्याचे चार-सहा बारके गोळे होऊन मधल्या गोळ्याभोवती स्वतःही गरगर फिरायला लागले.

 मागची एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "व माय!"

सर बरणीकडे पाहत नव्हते. ते काकूंकडे पाहत होते.

काकू बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "परत करा."

परत केलं. पुन्हा कडं सुटलं. "परत." तिसऱ्यांदा कडं वाकडं झालं आणि एकच मोठा गोळा निघाला. काकू म्हणाल्या, "हा कोण?" सर म्हणाले, "हा गुरू." सलीमभाईंचा हात भरून आला तेव्हा एका बाईनं ड्रिल हातात घेतलं, मग दुसरीनं. मुख्याध्यापक खुर्चीवर चढून पाहत होते. बायकांच्या मोर्च्याचं काय झालं हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, काकूंशिवाय.

सगळ्यांचं पाहून झाल्यावर त्यांनी बरणी उचलली, कॅनमध्ये उरलेलीही घेतली, अंगणात नेऊन सगळं नालीत ओतलं. सूर्य, ग्रह, सगळं. 

"उद्या बाजार झाडा लागन," काकू म्हणाल्या.

"हाव."

मग त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या. "अन् सायब, शिक्षा आमी देल्ली. तुमाले आता वर काई कळवाचं काम नाई. एका गुन्ह्याले दोन शिक्षा कायले?"

मुख्याध्यापक खुर्चीवरून खाली उतरले. "मी कायले कळवीन, काकू? मी तं सूर्यमाला पाहाले आलतो."

दुसऱ्या दिवशी सोमवारचा बाजार. सकाळी दुकानं लागायच्या आधी सर फडा घेऊन हजर होते. धोतराचा काचा मारलेला, डोक्यावर टोपी. मीही शाळेच्या आधी तिकडून गेले, कारण मला राहवेना. काकू चौकातच उभ्या होत्या. कोणी दया येऊन सरांच्या हातातला फडा घेऊ नये, यावर त्यांचं लक्ष होतं. सर्वांना सारखा न्याय.

कांदे मांडणाऱ्या एकानं हसून विचारलं, "काकू, सरायच्या दारूत काय दिसलं म्हणतात तुमाले?"

मला वाटलं काकू त्याला झापतील. त्यांनी हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, एकच मनगटावर ठेवली आणि हात पुढे केला. "हे पाह्य. मधात गोया. तो फिरला, लय जोरानं फिरला, तं त्याच्या कमरेतून असं कडं सुटलं. मंग ते कडं तुटलं, अन् त्याचे गोये झाले. त्याच्यातलाच एक आपण. ज्याच्यावर तू कांदे मांडून राह्यला, तो."

कांदेवाल्यानं खाली जमिनीकडे पाहिलं. आणखी चार-पाच लोक जमले. काकूंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मधे एक-दोन गोष्टी चुकवल्या. कडं सलीमभाईंचा हात थरथरला म्हणून तुटलं, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. सर वाकल्या जागी थांबले होते. चूक दुरुस्त करायला त्यांचं तोंड उघडलं, आणि त्यांनी ते मिटून घेतलं.

"म्हंजे हे सरायनं शोधलं काय?" कोणीतरी विचारलं.

"नाई. फ्रान्सवाल्यानं," काकू म्हणाल्या. "पण त्याले कायचं बाजार झाडा लागलं? झाडलं तं यायनं."

सरांना काहीतरी बोलायचं होतं. ते फड्यावर टेकून उभे राहिले, टोपी सारखी केली, घसा खाकरला.  मग ते वळले आणि नुकतीच झाडलेली जागा पुन्हा एकदा, अगदी कोपऱ्यापासून, झाडू लागले.